कॉन्ट्रॅक्टर माझा, डिपॉझिटही माझंच

‘आपल्या सदनिकेतील बाथरूममधून खालील सदनिकेत गळती होत असल्याची लेखी तक्रार प्राप्त झाली असून आपण तातडीने दुरुस्ती करून घ्यावी.’ खाली सेक्रेटरींची सही, सोसायटीचा गोल शिक्का. पत्र आलं ते जानेवारीत, आणि त्याचं नवल वाटलं नाही. खालच्या काकूंनी त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो आधीच मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. प्लास्टर फुगलेलं, एका कोपऱ्यात सळई दिसायला लागलेली.

आमची इमारत मुलुंड पूर्वेला, सात मजली, एक लिफ्ट, वयानं तिशी ओलांडलेली. बाथरूम मूळ बिल्डरच्या काळातलं. तेव्हा गळती माझ्याकडचीच असणार यात वाद नव्हता. वाद होता तो कधी, कोणाकडून आणि कोणत्या अटींवर दुरुस्त करायचं याचा.

आधी ‘कधी’चं सांगते, कारण मुंबईत तो प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. आमच्या सोसायटीत फेब्रुवारी-मार्चमध्ये फोडाफोडी बंद असते. दहावी-बारावीच्या परीक्षा. हा ठराव सर्वसाधारण सभेत झालेला आहे आणि त्याला कुणीही विरोध करत नाही, कारण प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी दहावी येतेच. जूनमध्ये पाऊस, म्हणजे वॉटरप्रूफिंग सुकायची बोंब. उरले एप्रिल-मे. आणि नेमके तेव्हाच अर्धे कारागीर लग्नसराईसाठी उत्तर प्रदेश-बिहारकडच्या गावी निघतात. म्हणजे परवानगीचे सगळे कागद मार्चअखेर तयार हवेत आणि मिस्त्री गाडीत बसायच्या आत काम उरकायला हवं.

परवानगीचा अर्ज घ्यायला ऑफिसात गेले तर मॅनेजरनं अर्जाबरोबर पाठपोट छापलेला नियमांचा कागद हातात दिला. काम सकाळी 10 ते संध्याकाळी 5.30, मध्ये 1.30 ते 3.30 सुट्टी. रविवारी आणि सणाच्या दिवशी काम नाही. इलेक्ट्रिक ब्रेकर चालणार नाही, फोडायचं ते छिन्नी-हातोड्यानं. रेती, सिमेंट, लाद्या लिफ्टमधून नेता येतील, पण लिफ्टला आतून प्लायवूड लावून आणि सकाळी अकरानंतरच. डेब्रिज गोणीत भरूनच खाली आणायचं, जिन्यात किंवा कंपाउंडमध्ये रात्रभर ठेवायचं नाही. कामगारांच्या आधारची झेरॉक्स गेटवर, रात्री कुणीही मुक्कामाला राहायचं नाही. बाथरूमची जागा हलवायची नाही, कारण आपलं बाथरूम खालच्याच्या बेडरूमवर किंवा देवघरावर आणलेलं चालणार नाही. बीम, कॉलम, स्लॅबला हात लावायचा नाही. शेवटी 20,000 रुपये परत मिळणारं डिपॉझिट आणि 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र.

हमीपत्र मी घरी आणून शांतपणे वाचलं. त्यात कॉन्ट्रॅक्टर हा शब्द सहा-सात वेळा होता आणि दर वेळी तो माझ्या जबाबदारीच्या वाक्यात होता. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी लिफ्टचं दार वाकवलं तर मी. गोण्या गेटबाहेर टाकल्या आणि पालिकेचा दंड आला तर मी. कामगार पडला, लागलं, तर तेही मीच. कॉन्ट्रॅक्टरची सही कुठेच नव्हती. सोसायटीच्या बाजूनं पाहिलं तर ते बरोबरही आहे. सोसायटीचा संबंध सभासदाशी, उपविधी म्हणजे सोसायटीचे नियम सभासदाला बांधतात. बाहेरून आलेला मिस्त्री सोसायटीचा कोणीच लागत नाही. काम संपलं की तो निघून जातो आणि सोसायटीच्या हातात राहतो तो माझा फ्लॅट आणि माझे 20,000.

मला ही गोष्ट तेव्हाच पक्की कळली आणि पुढचं सगळं मी तिच्याभोवतीच आखलं. सोसायटीनं मला बांधलंय, तर कॉन्ट्रॅक्टरला मी बांधायला हवं. तेही काम सुरू व्हायच्या आधी, कागदावर.

कोटेशन तिघांकडून घेतली. पहिले गृहस्थ नियमांचा कागद न वाचता घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, ‘‘रूल-बूल की टेन्शन मत लो मॅडम, वॉचमन को चाय-पानी दे देंगे.’’ त्यांचा आकडा सगळ्यांत कमी होता. दुसऱ्यांनी आकडा दिलाच नाही, फक्त ‘‘लाखाच्या आसपास जाईल’’ म्हणाले आणि टाइल्सचा कॅटलॉग सोडून गेले. तिसऱ्यानं पहिला प्रश्न विचारला तो कामाच्या वेळेचा. मी वेळ सांगितल्यावर त्यानं तिथेच हिशेब मांडला. सकाळी दहा ते साडेपाच, मध्ये दोन तास सुट्टी, म्हणजे दिवसाला साडेपाच तास काम. पण मिस्त्री आणि बिगारी यांची हजेरी पूर्ण दिवसाची. त्यात ब्रेकर बंद म्हणजे जुना कोबा, म्हणजे लादीखालचा विटा-सिमेंटचा थर, हातानं फोडायचा, तिथे आणखी दिवस वाढणार. त्यामुळे त्याचं कोटेशन पहिल्यापेक्षा जवळजवळ 30,000 रुपयांनी जास्त होतं आणि ते का जास्त आहे हे त्यानं खाली ओळीनं लिहिलं होतं. मी त्यालाच काम दिलं. सोसायटीचे नियम ज्यानं दरात धरले नाहीत, तो ते पाळणार कशाच्या जोरावर?

आमचा करार दोन पानांचा. नियमांचा कागद त्याला जोडला आणि प्रत्येक पानावर त्याची सही घेतली. सोसायटीनं माझ्या डिपॉझिटमधून जे कापलं ते त्याच्या बिलातून वजा होईल हे वाक्य घातलं. पैसे टप्प्यानं: सुरुवातीला 20 टक्के, फोडकाम आणि डेब्रिज उचलल्यावर पुढचा हप्ता, पाण्याची चाचणी पास झाल्यावर त्यापुढचा, आणि 10 टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत माझ्याकडे. यावर तो थोडा कुरकुरला. कामगारांचा विमा विचारला तेव्हा मात्र ‘‘इतनेसे काम के लिए?’’ असं म्हणून हसला. मी हमीपत्रातली ओळ दाखवली. शेवटी त्यानं त्याच्या एजंटकडून वर्कमेन कॉम्पेन्सेशनची थोड्या मुदतीची पॉलिसी काढली, हप्ता आम्ही अर्धा-अर्धा वाटून घेतला. हा खर्च फुकट गेला असं मला अजिबात वाटत नाही, जरी सुदैवानं कुणाला खरचटलंही नाही.

मग आला परवानगीचा घोळ. माझ्या मनात होतं की दुरुस्ती निघालीच आहे तर संडास आणि बाथरूम यांच्यामधली साडेचार इंची भिंत काढून एक मोठी खोली करावी. आईला गुडघ्यांमुळे त्या अरुंद जागेत वळायला त्रास होतो. अर्जात मी ते लिहिलं आणि कमिटीनं तिथेच बोट ठेवलं. भिंत म्हटल्यावर ट्रेझरर एकदम ताठ बसले. त्यांनी घाटकोपरचं नाव काढलं. 25 जुलै 2017 ला दामोदर पार्कमधली सिद्धिसाई इमारत कोसळली, 17 माणसं गेली, आणि तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. घाटकोपर आमच्यापासून पाचच स्टेशनं. आमच्या इमारतीतल्या काहींची नातेवाईक मंडळी त्या भागात राहतात. त्या वर्षानंतर आमच्याकडचा नियमांचा कागद एका पानाचा दोन पानांचा झाला, हे मला त्या बैठकीत समजलं.

उलट्या टोकाला, मॅनेजरचं म्हणणं असं की टाइल्स बदलायलाही पालिकेची परवानगी आणा. यावर मी अडून बसले. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 मधलं कलम 342 इमारतीतल्या फेरबदलांबाबत आहे. त्यात किरकोळ दुरुस्त्यांना, म्हणजे प्लास्टर, रंग, लाद्या बदलणं, नळकाम वगैरेला, पूर्वपरवानगीतून सूट आहे. मूळ रचनेत बदल असेल तर मात्र पालिकेकडे जावं लागतं. माझा चुलतभाऊ आर्किटेक्ट आहे, त्यानं ते कलम छापून दिलं आणि मी ते कमिटीपुढे ठेवलं. चेअरमन काकांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, ‘‘ठीक आहे, लाद्यांना नको. पण भिंतीला इंजिनीअरचं पत्र हवंच.’’

तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं, त्यामुळे आमच्या इमारतीचं ऑडिट केलेले इंजिनीअर कमिटीला माहितीचे होते. त्यांना फी देऊन बोलावलं. त्यांनी भिंत ठोकून पाहिली, जुना नकाशा पाहिला. भिंत भार घेणारी नाही, म्हणाले, पण दोन्ही बाजूंचा सामान ठेवायचा माळा तिच्यावरच टेकलेला आहे. भिंत काढायची तर माळाही काढा, आणि पालिकेकडे रीतसर अर्ज करा. माळा काढायचा तर आईच्या पितळी भांड्यांचं काय, हा वेगळाच अध्याय सुरू झाला असता, आणि पालिकेचा अर्ज एप्रिलच्या आत निकाली निघणं कठीण. भिंत ठेवली. त्याऐवजी आईसाठी दार बाहेर उघडणारं करून घेतलं आणि दोन ठिकाणी स्टीलचे दांडे लावले. आता तीच म्हणते की मोठ्या खोलीत धरायला काही सापडलं नसतं.

काम सुरू झालं तेव्हा पहिला आठवडा फक्त ठोक-ठोक. छिन्नीनं जुना कोबा फोडणं म्हणजे काय ते मी पहिल्यांदाच पाहिलं. बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा जवळजवळ फूटभर खोल असतो, त्यात विटांचे तुकडे आणि सिमेंट भरलेलं असतं आणि वर लादी. आमचे विटांचे तुकडे इतके ओले होते की हातात घेतल्यावर चुरा व्हायचा. मिस्त्रीनं एक तुकडा पिळून दाखवला. त्यातून खरंच पाणी आलं. खालच्या काकू पाहायला वर आल्या होत्या, त्या म्हणाल्या, ‘‘अगं, हे सगळं माझ्याच डोक्यावर होतं की!’’

डेब्रिजच्या गोण्यांचं नियोजन कागदावर सोपं वाटतं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, माझा टेम्पोवाला घेऊन जाईल. कुठे नेणार, विचारलं तर ‘‘उसका अपना जगह है.’’ ती जागा म्हणजे बहुतेक खाडीकाठचं कुठलं तरी तिवराचं रान, हे मुलुंडमध्ये राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी नाही म्हटलं. पालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, थोड्या मालाला ती परवडते, तिथे नोंद केली. अडचण अशी की त्यांची गाडी येईल तेव्हा येणार, आणि सोसायटी गोण्या रात्री कंपाउंडमध्ये ठेवू देत नाही. मग गाडी येईपर्यंत सगळ्या गोण्या आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या मागे. आई त्यावर पेपर वाचत बसायची. गाडी आली त्या दिवशी वॉचमननं प्रत्येक गोणी मोजून रजिस्टरात लिहिली आणि पावतीची एक प्रत सोसायटीच्या फायलीला लावली. पुढे डिपॉझिट परत मिळताना हीच पावती सगळ्यांत आधी मागितली गेली.

खरी गंमत झाली ती पाइपवरून. कोबा पूर्ण निघाल्यावर नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या ज्या जाळीतून पाणी उतरतं त्याच्या, पुढचा पाइपचा तुकडा दिसला. तो भिंतीतून जाऊन बाहेरच्या डक्टमधल्या बीडाच्या उभ्या पाइपला मिळतो. प्लंबरनं टॉर्च मारला आणि म्हणाला, गळती दोन आहेत. एक आमच्या जुन्या ट्रॅपची, ती आमची. दुसरी भिंतीच्या आत, जिथे आमचा बेंड, म्हणजे वळणाचा पाइप, सामाईक पाइपच्या सॉकेटमध्ये, म्हणजे जोडाच्या तोंडात, बसतो तिथे. सॉकेटलाच उभी चीर गेलेली.

आता ती चीर कोणाची?

सोसायट्यांसाठीच्या सरकारी आदर्श उपविधींचा ढाचा असा आहे की बाहेरच्या सामाईक पाणी आणि सांडपाण्याच्या पाइपांची गळती, पावसाच्या पाण्याची गळती, गच्ची, जिने, टाक्या यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं, आणि संडास-सिंकच्या आतल्या गळतीचा खर्च ज्या त्या सदनिकाधारकाचा. वाचताना रेषा स्पष्ट वाटते. पण आमच्याकडे ती रेषा नेमकी नऊ इंची भिंतीच्या मधून जात होती. मी काम थांबवलं, कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं की कमिटीनं पाहिल्याशिवाय तिथे हात लावायचा नाही, आणि फोटोसकट सेक्रेटरींना ईमेल केला. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. ईमेलला तारीख राहते आणि पुढच्या कमिटीलाही सापडतो.

त्या संध्याकाळी चेअरमन, सेक्रेटरी आणि ट्रेझरर तिघंही आमच्या फोडलेल्या बाथरूमच्या दारात उभे होते. आत एकाच वेळी एकच माणूस मावत होता, म्हणून आळीपाळीनं वाकून पाहणी. ट्रेझरर म्हणाले, बेंड तुमचा आहे. मी म्हटलं, बेंड माझा, सॉकेट तुमचं. सेक्रेटरी म्हणाले, सॉकेट तुमच्या बेंडच्या वजनानं फुटलं असेल. तीस वर्षांच्या बीडाला चीर पडायला माझ्या बेंडची गरज होती का, हे मी विचारलं आणि चेअरमन काकांना हसू आवरलं नाही. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. उभ्या पाइपचा तेवढा भाग आणि सॉकेट सोसायटी बदलेल, तिच्या पॅनलवरच्या प्लंबरकडून. भिंतीतला बेंड आणि इकडचं सगळं मी. बाहेरून डक्टमध्ये उतरायला दोरी आणि झुला लागतो, तो खर्च सोसायटीचा. मी हे तिथेच कागदावर लिहून तिघांच्या सह्या घेतल्या. ट्रेझररना ते आवडलं नाही, पण त्यांनी सही केली.

इथे माझा कॉन्ट्रॅक्टर मला मनापासून आवडला. सोसायटीचा प्लंबर यायला वेळ लागला, त्या काळात याची माणसं बसून होती. बसल्या दिवसांची हजेरी मागितली असती तर मला नाही म्हणता आलं नसतं, करारात त्याबद्दल काहीच नव्हतं. त्यानं माणसं दुसऱ्या साइटवर पाठवली आणि पाइप झाल्यावर परत आणली. फक्त म्हणाला, ‘‘एक मिस्त्री गाँव निकल गया, अब मैं खुद बैठूंगा.’’ आणि बसला.

वॉटरप्रूफिंगच्या कोटांबद्दल फार लिहीत नाही, त्याचे व्हिडिओ ढिगानं आहेत. चाचणीचं मात्र सांगायला हवं, कारण अनेक सोसायट्या ती मागत नाहीत आणि लोक करतही नाहीत. कोटिंग झाल्यावर, लादी बसायच्या आधी, ट्रॅपच्या तोंडाला बूच मारून बाथरूममध्ये चार-पाच इंच पाणी भरून 48 तास ठेवायचं. पातळी भिंतीवर पेन्सिलीनं आखायची. आणि खालच्या घरात छत बघायचं, सकाळ-संध्याकाळ. मे महिन्याचा शेवट, पाणीकपातीच्या बातम्या, आणि मी बाथरूमभर पाणी साठवून ठेवलंय हे कळल्यावर पाचव्या मजल्यावरच्या एका बाईंनी ग्रुपवर टोमणा मारलाच. ते पाणी नंतर आम्ही बादल्यांनी काढून संडासात वापरलं. खालच्या काकूंनी दोन्ही दिवस छताचे फोटो काढून तारखेसकट पाठवले आणि शेवटी स्वतःहून एक ओळ लिहिली: ‘छत कोरडे आहे.’ ती ओळ मी प्रिंट काढून कमिटीला दिली. कॉन्ट्रॅक्टरचा हप्ता त्याच दिवशी दिला.

त्यांच्या छताचं प्लास्टर आणि रंग मी करून दिला. गळती अर्धी माझी, अर्धी सोसायटीची हे एव्हाना सगळ्यांना माहीत होतं, पण त्या बाई पाच महिने डोक्यावर पाणी घेऊन आंघोळ करत होत्या, तिथे किती टक्के कोणाचे हे मला काढायचं नव्हतं. सळईला गंजरोधक लावून, तिथे पॉलिमर मॉर्टर भरून मग प्लास्टर केलं. नुसता रंग मारला असता तर पुढच्या वर्षी पुन्हा फुगलं असतं.

डिपॉझिट परत घेताना 1,500 रुपये कापले गेले. लिफ्टमधलं प्लायवूड एका दुपारी कोणीतरी काढून ठेवलं आणि त्याच दुपारी लाद्यांच्या पेटीनं आतल्या पत्र्यावर ओरखडा पडला. प्लायवूड आमच्या माणसांनी काढलं की चौथ्या मजल्यावर फर्निचर चढवणाऱ्यांनी, हे कॅमेऱ्यात दिसत नव्हतं, कारण लिफ्टमध्ये कॅमेराच नाही. मी भांडले नाही. पण करारातल्या वाक्याप्रमाणे कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातून पूर्ण वजा करणंही मला पटेना, त्यामुळे अर्धेच वजा केले. लिफ्टमध्ये कॅमेरा बसवावा असा अर्ज मात्र त्याच दिवशी देऊन आले, तो ऑगस्टच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आला आणि मंजूर झाला.

पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, राहिलेले 10 टक्के मी त्याला दिले. पैसे मोजून घेताना त्यानं सांगितलं की आमच्याच विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचं काम त्याला मिळतंय. कोटेशन द्यायच्या आधी त्यानं त्या घरमालकांकडे नियमांचा कागद मागितला होता. त्यांच्याकडे नव्हता. माझ्याकडची एक प्रत तो घेऊन गेला.